ह्यांच्यासाठी घर बघितलं

अणदूर,
ता. ११ एप्रिल १९७३

चि. सौ. सितास अक्काचा आशीर्वाद. पाव्हण्यांना नमस्कार सांग, पोरांचा मुका घे. इथं जीव तगून हाय, परंड्याला बी तसंच असंल असं समजते.

तू सोलापूरच्या डॉक्टरचं विचारलंस. ते मागून लिहिते. आधी ह्यांचं.

अंगावरनं वारं गेल्यापासून हे खाटेवरच हायेत, तुला ठावं हाय. डावा हात तेवढा चालतो, बोलणं माझ्या एकटीला कळतं. पोटी लेकरू न्हाय. मी आता थकत चालले. तवा ठरवलं, माझे हातपाय चालतेत तंवर ह्यांच्यासाठी घर बघून ठिवावं. जो शेवटपतुर सांभाळंल त्याच्या नावावर पांदीकडचं रान करून द्यायचं. आपल्याकडं चालतंच की हे. लोक पोरीला स्थळ बघतेत, मी नवऱ्याला बघतीय. हस जरा, सिते.

मधी एक विमावाला आलता. म्हणाला, माणूस मेल्यावर घरच्यांना पैसे मिळतेत. म्या म्हटलं, मरायच्या आधी सांभाळणारा विमा हाय का तुमच्याकडं? बिचारा चहा पिऊन गेला.

पहिले आले हिंमतराव, सोसायटीचे चेअरमन. “वहिनी, काळजीच नको, गडी ठिवतो की त्यांच्यासाठी!” बोलायचं सगळं रानाचं, ह्यांच्या खाटेकडं एकदा बी बघितलं न्हाय. कागद आधी, सांभाळणं मागून! म्या वाटंला लावलं त्यांना.

मग तुळजापूरला गेले. तिथं महालिंगप्पा म्हणून हायेत, एका मठाचं बघतेत, निराधार म्हातारी माणसं ठिवून घेतेत. माणूस लई सज्जन. पण म्हणाले, “बाई, आपल्या हातानं उठून बसणारा असंल तर आणा. हागणं-मुतणं काढायला माझ्यापाशी माणूस न्हाय.” खरं तेच बोलले, राग कुणावर धरू? येताना एस.टी.त पदर तोंडाला लावून रडले.

राहिला व्यंकट, ह्यांचा पुतण्या. भिंतीला भिंत लागून घर. त्याची बायको कमल मायाळू, ह्यांना मामंजी मामंजी करती. म्हटलं, आधी पारखून घ्यावं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले आन् दिवसभर ह्यांना तिच्यावर सोपवलं. सांजच्याला येऊन बघावं तर अंथरूण कोरडं, केस विंचरलेले, अंग पुसलेलं. मला इतकं बरं वाटलं की भवानीला ओटी बोलले. ठरलं म्हटलं.

एक दिवस काम लवकर सुटलं. दारात आले तर हे वाळल्या ओठांवरनं जीभ फिरवतेत आन् तांब्या वर फळीवर. कमल तिथंच रेशनची मिलो जवारी निवडीत बसलेली. म्या विचारलं, पाणी दिलंस का गं? तिनं काय लपवलं न्हाय. “काकू, सकाळी घोटभर दिलं. जास्ती दिलं की अंथरूण भिजतंय. धुवायला कुठनं आणू? टँकरचं पाणी लेकरांना प्यायला पुरंना.”

लई बोलले मी तिला. भवाने म्हटलं, काळीज हाय का धोंडा म्हटलं. ती बी रडली. मग चुलीपुढं बसल्यावर वाटलं, तिची काय चूक? माझी लेकरं असती तर त्यांच्या तोंडचं पाणी म्या गोधडीवर ओतलं असतं का? न्हाय ओतलं असतं. आन् सगळ्यांत तीच बरी, सिते. तिला ह्यांची किळस न्हाय. रान कमलच्या नावानं करायचं ठरवलंय, व्यंकटला तसं सांगितलं.

आता डॉक्टरचं. छातीतली गाठ काखेत उतरलीय. कापून उपयोग न्हाय म्हणतेत. पाऊस बघंन का म्हणून विचारलं तर डॉक्टर खिडकीकडं बघाय लागले. ह्यांना कळू दिलं न्हाय. व्यंकटला अंगणात नेऊन हळू आवाजात सांगितलं सगळं, माझं बी आन् रानाचं बी.

पण हे पत्र लिहायला घेतलं ते निराळ्यासाठीच. म्या काम सोडलंय, आता दिवसभर ह्यांच्या उशाशीच असते. पाणी पाजाय गेलं की हे तोंड फिरवतेत. वाटलं कमलवर रुसलेत, मग वाटलं माझ्यावर. आण घातली, रागं भरले, पाया पडले. काल डाव्या हातानं माझं मनगट धरलं, तांब्या खाली ठिवायला लावला आन् जड जिभेनं म्हणाले, “सवय करतुय.”

अंगणातलं सगळं ऐकलंय त्यांनी.

मला काय सुचंना झालंय, सिते. तू मेव्हणी, तुझी थट्टा केल्याबिगर त्यांना कधी जेवण गेलं न्हाय. एकदा येऊन तुझ्या हातानं पाजून बघ. माझ्या हातचं घेईनात.

भरला तांब्या घेऊन बसलेली,
तुझी अक्का
नागू