नानांच्या खोक्यावरची रिकामी जागा

मंगळवार, संध्याकाळ

माझंच डिझाईन पास झालं! गावी असोद्याला पोचेपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारच्या अक्का बघतच राहिल्या.

नववीत शाळा सोडल्यापासून मी जळगावला भाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. आज केळीवाले नाना त्यांच्या केळी भरायच्या खोक्याचं डिझाईन बघायला आले. त्यांना खोक्यावर सगळंच पाहिजे होतं. देव, वडील, ट्रॅक्टर, वर स्वतःचा फेटेवाला फोटो. भाऊंनी तसंच केलेलं. मी मात्र गुपचूप दुसरं करून ठेवलं होतं. केळ्यांची एक पिवळी फणी, खाली मोठ्या अक्षरात नानांचं नाव, बाकी रिकामी जागा.

नाना भडकलेच. "एवढी जागा रिकामी काहून वं? पैसे तं पुऱ्या खोक्याचे घेता!"

त्या रिकाम्या जागेमुळंच नाव उठून दिसतं, पण हे बोलायचं कसं? मला कुठं जमतं बोलायला? शेवटी दोन्ही डिझाईनचे कागद शेजारच्या बंद शटरला चिकटवले आणि कसंबसं म्हटलं, "नाना, रस्त्यापलीकडून वाचा ना."

नाना गेले. डोळे बारीक केले. तिथूनच ओरडले, "भाऊच्या कागदावर नुसती जत्रा दिसते! मले पोरीचंच वाचता येते!"

परत आले आणि म्हणाले, "मंग माझा फोटो आतून लाव. केळ्यांले तरी दिसू दे."

भाऊसुद्धा हसले. मला म्हणाले, "लाव छपाईला."

बटण मीच दाबलं.