पाठवणीला गप्प राहिलेली कलारनेट

आबा, सगळ्यात आधी कोण टपकलं असंल तर माझी पिंपळीची नणंद. उन्हं उतरली नव्हती, स्टेजवरची माणसं अजून वायरीच ओढत व्हती, आन ही बाई घरची प्लास्टिकची खुर्ची टमटममध्ये घालून आणून पार पुढं बसलेली. मला लांबनंच वरडली, "वैनी, या हिकडं, जागा धरलीया! फुकाट हाय तर मागं कशापायी बसायचं?" मी म्हणलं, वन्सं, जरा दम धरा, तुमाला बघून लोकांना वाटंल तुमीच गाणार हाय. तर म्हणती, "गाईन की. मला काय कुणाचं भ्या हाय?" तुमी तिला आत्ताची बघितलीच न्हाय, आबा. तुमी गेला तवा ती परकर नेसून शेळ्यांमागं पळायची. आता तिचं गुडघं गेल्यात पण तोंड हाय तसंच हाय.

तर हे सगळं कुठं, ते सांगायचं राहिलंच. इंदापूरच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याच्या कडंला, एका ऊस तुटून गेलेल्या रानात. पाचट काढून रोलर फिरवलेला, वर हिरवी नेट बांधलेली. उन्हाळ्यात दोन दिवस तितं गाण्यांचा मेळा भरवत्यात. पुण्याची माणसं गाड्या घेऊन येत्यात आन सतरंजी टाकून ढेकळांवर बसत्यात. जी भाकरी-ठेचा आपण रोज खातो तीच रांग लावून विकत घेत्यात आन तिचा फोटू काढत्यात. मला लई हसू आलं. वारा आला की पाण्याचा वास यायचा, ओल्या शेवाळाचा. मला बरं वाटत व्हतं, खोटं कशाला बोलू. किती वर्सांनी मी नुसती बसले व्हते, हातात काय काम न्हाय.

मला तितं नेली नातीनं. थोरल्याची पोरगी. बारामतीला एमआयडीसीत कंपनीत जाती, स्वतःची स्कूटी हाय. एका दिवशी कामावरनं आली आन म्हणाली, "आजी, हे बघ. पुण्याच्या मुला-मुलींनी एक बँड काढलाय. ते स्वतःचं काही वाजवत नाहीत. जुन्या एका लग्नाच्या बँडचं वाजवतात, जसंच्या तसं. कोटसुद्धा तसलेच शिवलेत." मी म्हणलं, कुणाच्या बँडचं? "माळेगावकडच्या." आन तिनं फोनमधला फोटू माझ्या डोळ्याम्होरं धरला. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोप्या, सगळी तोंडं काळी पडलेली. मागच्या रांगेत एकाच्या बाहीवर ठिगळ. तोंड मी मागनं बघितलं, आबा. आधी ठिगळ वळखलं.

ते ठिगळ आईनं लावलं व्हतं, पण ते का लावावं लागलं ते पुढं सांगते. आधी तुमचा उन्हाळा सांगू द्या, मला तो लई आवडायचा. आज्यानं मेंढरं विकली, तवापासनं तुमी हिवाळाभर कारखान्यात सीझनला आन पट्टा पडून कारखाना बंद झाला की बँडला. ऊस संपला की लगीनसराई, तुमाला इसावा असा नव्हताच. व्हट फुटायचं, तर आई लोणी लावायची. तांब्यात निखारं घालून तुमी त्याच तांब्यानं कोटाला इस्त्री करायचा, आन मी बाही ताणून धरायची. तुमच्या कलारनेटची फुकायची पत्ती तोंडात भिजत ठेवून तुमी बोलायचा, त्यामुळं सकाळचं सगळं बोलणं बोबडं. आई म्हणायची, "आधी ती पत्ती काढा, मग हुकूम सोडा."

घरात तुमी सगळं वाजवायचा. देवाचं, वरातीचं, नाचायचं. एक चाल तेवढी न्हाय. पाठवणीची. मी एकदा शेण भरताना ती तोंडानं काढली, तर तुमी अंगणातनं धावत आलात. मारलं न्हाय. पण असं बघितलंत की मारलेलं बरं. म्हणालात, "पोरगी घरात असताना ती चाल उंबऱ्याच्या आत काढत न्हाईत. कुणाला घालवायची घाई झालीया तुला?" बँडवाल्यांचा तो रिवाजच. नवरी गाडीत पाय ठेवंल तवाच ती वाजवायची, एरवी न्हाय. सराव सुद्धा रानात जाऊन करायचा.

मग मला ती कुठनं येत व्हती? तर शेजारच्या पोरीच्या लग्नातनं. माझ्यापरीस थोडी मोठी, आमी दोघी एका घागरीनं पाणी आणायचो. तिचं लगीन तुमीच वाजवलंत. मी बैलगाडीच्या जुवापाशी उभी व्हते, तुमच्या कोपराला माझं डोकं लागत व्हतं. ती गाडीत बसली, तुमी डोळं मिटलं आन ती चाल काढलीत. बायाच काय, गडीमाणसं सुद्धा तोंडाला उपरणं लावून उभी. एकदाच ऐकली, पण माझ्यात ती बसली ती बसलीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला सासरच्या विहिरीतनं काढली. पाय घसरला म्हणाले. पोहरा हाताशी आन पोरगी पाण्यात, कसा पाय घसरतो? पण इचारायला कोण गेलं न्हाय. खबर आली तवा तुमी कोटाला इस्त्री करत व्हता. तुमचा हात तितंच थांबला, तांब्या कलंडला, निखारा बाहीवर पडला. कापडाचा वास आला तरी तुमाला कळंना. मी वरडले, "आबा, कोट!" तुमी नुसतं म्हणालात, "म्याच वाजवून धाडली तिला." आन त्या दिवशी सुद्धा जळलेल्या बाहीनं वाजवायला गेलात, कारण सुपारी घेतलेली. सुपारी घेतली की मोडायची न्हाय, घरात काय का असंना, हे तुमचं ठरलेलं.

त्याच सुपारीनं माझ्या लग्नात घोळ केला. माझी तारीख तुमीच सराई बघून धरलेली, बँडचा रिकामा दिवस बघून. पण माझं आजेसासरं अंथरुणाला खिळलं. ते गेलं असतं तर त्या घरात वरीसभर लगीन नव्हतं. म्हणून सासरच्यांनी तारीख अलीकडं ओढली, आन त्या दिवशी तुमच्या बँडची इंदापूरला सुपारी. तुमी मला हळदीच्या पाटावर बसायच्या आधीच निघालात. डोक्यावर हात ठेवलात, काय तरी बोललात, पण तोंडात पत्ती. मला काय कळलं न्हाय. कन्यादान चुलत्यानं केलं. आमच्या दारात दोन हलग्या वाजल्या, बास. गाडीत बसताना मी मागं वळून बघितलं तर आई एकटीच, आन मला एवढंच डोक्यात येत व्हतं की आत्ता ह्याच टायमाला आपला बाप दुसऱ्याच्या पोरीला डोळं मिटून वाटं लावतोय.

चार दिवसांनी तुमी माणसाहाती बुंदी धाडलीत, त्या इंदापूरच्या लग्नातली, फडक्यात बांधून. सासूनं वास घेतला आन सगळ्या वाड्यावस्तीला वाटली. माझ्या हातावर चार कळ्या पडल्या. पंचमीला मला न्यायला आलात तवा एस्टीत आपण शेजारी बसलो. तुमी खोकत व्हता, मी खिडकीतनं बाहेर बघत व्हते. सुप्याच्या स्टँडवर तुमी मला भजी घेऊन दिलीत. मिरच्या तुमी घेतल्यात आन भजी माझ्याकडं सारलीत.

आन मग थंडीत, कारखाना चालू असतानाच, तो खोकला तुमाला घेऊन गेला. सांगावा आला तवा सासू म्हणाली, आधी धारा काढ, मग जा. धारा काढल्या. मी पोचले तवा वाटंवर माणसं माघारी येत व्हती. तुमाला बघायचं राहिलंच. आता मी तुमच्या वयाच्या कितीतरी म्होरं गेले, आबा. तुमी आत्ता दारात आलात तर माझ्या पोरापरीस ल्हान दिसाल.

बघा, कुठनं कुठं गेले. त्या रानातल्या स्टेजवर दिवं लागलं, आन लाल कोट घालून ती पोरं आली. आन पोरी पण! कलारनेट एका पोरीच्या हातात, बारीकशी, केस कापलेली. नणंद म्हणती, "वैनी, आता नवऱ्यामुलीच वाजवायला लागल्या का?" पण वाजवली बाई तिनं! तुमची वरातीची चाल, तो मधी श्वास चोरून सूर लांबवायचा तुमचा खोड्याळपणा, सगळं तसंच. मी डोळं झाकलं तर अंगणात लोण्याचा वास आला. नणंद गुडघं इसरून उठली, मला पण वढली. मी नाचले, आबा. पुण्याच्या बाया टाळ्या वाजवत व्हत्या, नात फोन धरून हसत व्हती. मला असं वाटलं की माझ्या लग्नातलं राहिलेलं कोण तरी आता देतंय.

मग त्या पोरीनं माईक घेतला. "शेवटची, पाठवणीची चाल." लोकांनी शिट्ट्या मारल्या. नवरी न्हाय, गाडी न्हाय, कुणाला वाटं लावायचं? पण मला ऐकायची व्हती. तुमची, माझ्यासाठी नसली तरी, एकदा. ढोल हळू सुरू झाला, पितळी बाजं सुरू झालं, आन ती पोरगी... तिनं कलारनेट तोंडापासनं काढली, खाली धरली, आन मान घालून नुसती उभी राहिली. मधी मधी चाल भोक पडल्यागत रिकामी. मी न राहवून वरडले, "अगं वाजव की!" मागं कोण तरी हसलं. ती हलली न्हाय. संपस्तवर तशीच उभी.

मला राग आला. संपल्यावर नातीला घेऊन मी स्टेजच्या मागं गेले. म्हणलं, पोरी, एवढं झ्याक वाजवलंस आन मेन चालीला काय झालं तुला? पत्ती तुटली का? ती घाम पुसत म्हणाली, "नाही आजी. आम्ही टेपवरून शिकलो. इंदापूरच्या एका घरी त्यांच्या लग्नाची जुनी टेप होती. तिच्यात पाठवणीला क्लॅरोनेट नाहीच आहे. आम्हाला आधी वाटलं टेप खराब झाली. मग आम्ही त्या बँडच्या ढोलवाल्या बाबांना गाठलं, आता ते एकटेच राहिलेत. त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही तशीच ठेवली."

काय सांगितलं? मी इचारलं. तर तिनं त्या म्हाताऱ्याचा आवाज फोनमध्ये धरून ठेवला व्हता, तो लावला. लई खरखर. म्हातारा म्हणत व्हता, "दिवसभर वाजवली गड्यानं. हळदीला वाजवली, वरातीला वाजवली. पाठवणीला मातुर कलारनेट खाली ठेवली. म्हणला, माझी पोरगी आत्ता तिकडं घरातनं निघाली असंल. म्या हितं कुणाला वाटं लावू? आन ट्रकच्या मागं जाऊन बसला. आमी तसंच रेटलं."

नात माझ्याकडं बघाय लागली. ती पोरगी पण. मी म्हणलं, म्हातारा सांगतोय ती पोरगी मी. मग मी ढोलाच्या पेटीवर बसले. आयुष्यभर मी तुमाला त्या इंदापूरच्या मांडवात डोळं मिटून वाजवताना बघत आले, आन तुमी ट्रकच्या मागं बसलेला. तरी एक सांगा, आबा. मला वाटं लावता येईना म्हणून कलारनेट ठेवलीत, का त्या शेजारच्या पोरीनंतर तुमाला भ्याव वाटलं? मी तिच्याच वाटनं जाईन असं वाटलं का? ते म्हाताऱ्याला म्हाईत न्हाय, आन मला कोण सांगणार.

तवर ती कलारनेटवाली पोरगी माझ्याम्होरं उकिडवी बसली. "आजी, तुम्हाला ती चाल येते का? क्लॅरोनेटची? नुसती गुणगुणली तरी आम्ही धरू. कुणाकडेच नाही ती." नातीचा हात माझ्या खांद्यावर व्हता. नातीचं लगीन ठरलंय, आबा. इंदापूरकडंच दिलीय. पोरगा बरा हाय म्हणत्यात. त्या शेजारच्या पोरीचा नवरा पण बराच हाय म्हणत व्हते. मी म्हणलं, न्हाय बाई, मी ल्हान व्हते, मला कुठली येतीया.

नातीनं तितंच त्यांना लग्नाला वाजवायला बोलावलं. ती पोरं एकमेकांकडं बघून हसली, आमी खऱ्या लग्नात कधी वाजवलं नाही म्हणाली. मी कमरेच्या चंचीतनं सुपारी काढून त्या पोरीच्या हातावर ठेवली. म्हणलं, आमच्या आबांच्या बँडात ही घेतली की मोडायची न्हाय. तिनं दोनी हातांनी घेतली आन लाल कोटाच्या खिशात घातली. मग इचारलं, "पाठवणीला क्लॅरोनेट वाजवू, की खाली ठेवू?" मी म्हणलं, त्या दिवशी सांगते.

हा कागद धाडायला तुमचा पत्ता न्हाय, आन नातीला हे दाखवायचं न्हाय, म्हणून घडी करून उशाखाली घालते. मी त्या पोरीला खोटं बोलले. चाल मला येती, पयल्यापासनं शेवटापतोर. आज गोठ्यात कोण न्हाय बघून काढून बघितली, आन निम्म्यात थांबले, कारण नात घरात व्हती.

ती पोरं येणार म्हणाल्यात. तुळशीचं लगीन लागल्यावरचा पयला रविवार.