खऱ्याचा शिक्का

सोमवार, ३ नोव्हेंबर
निपाणीहून पोचलो एकदाचा. मल्लेश्वरममध्ये अनुसूयाक्कांकडे वरची खोली मिळाली. एकट्याच असतात. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, त्यांचं कानडी घोळलेलं मराठी ऐकून आधी हसू दाबावं लागलं. अट एकच, चार वाजता कॉफी घ्यायची, नको म्हणायचं नाही. त्यांचा कॉफीचा पितळी फिल्टर एवढा जड की दोन हातांनी उचलतात. आईला कळवलं, माझी काळजी सोड.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
हेब्बाळचं ऑफिस झकास आहे, खिडकीतून तळं दिसतं. पाळी सहा ते दोन. वाहिन्या आमच्याकडे व्हिडिओ पाठवतात. खरा की बनावट, ते आधी यंत्र सांगतं, मग माणूस शिक्का मारतो. माणूस म्हणजे मी. त्याआधी त्या गावात कुणाला तरी फोन करून विचारायचंच, हा नियम. लोकांचा बातमीवर विश्वास बसावा म्हणून हा खटाटोप, असं आमचे त्रिविक्रम सर म्हणाले. छाती फुगली माझी. खून बघून जेवण गेलं नाही, ते सोडा.

सोमवार, १० नोव्हेंबर
आनेकलच्या बसस्टँडवर पिवळ्या शर्टातल्या माणसाला कोयत्यानं तोडतात, असा व्हिडिओ. यंत्र म्हणालं, खरा. फोन लागेना, दोन वाजत आलेले, कंटाळून मीही 'खरा' मारला. मग फोन लागला. तिथला फुलवाला म्हणाला, असलं काहीच झालेलं नाही. लाज वाटली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
झालं. आज सकाळी. तोच माणूस, तोच शर्ट, मान अर्धी लोंबत होती. फुलवाला फोनवर रडत होता. सर म्हणाले, तारखेचा घोळ असेल, चहा घे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
बुधवारी एका बाईचा व्हिडिओ आला, नवरा तिचं तोंड दगडानं ठेचतोय. फोन केला तर बाई धडधाकट. 'खोटा' मारला. आज परत विचारलं, अजून जिवंत आहे. म्हणजे माझ्याच शिक्क्यावर आहे सगळं. फोन करणं सोडलं. रक्त दिसलं की 'खोटा'.

बुधवार, १९ नोव्हेंबर
अकरा शिक्के चुकले. खरोखर मेलेल्यांवरही मी 'खोटा' मारला होता. एक आई वाहिनीच्या दारात ऊर बडवत बसली, माझा मुलगा मेला तो खोटा कसा म्हणून. कुठं तोंड लपवू कळेना. सर रागावले नाहीत. उद्यापासून माझा शिक्का धरायचा नाही, यंत्राचाच चालेल, एवढंच म्हणाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर
व्हिडिओत अक्का. आमच्या अनुसूयाक्का. कुणीतरी डोक्यात घाव घालतंय, कवटी फुटली तरी थांबत नाही. मारणाऱ्याच्या मनगटावर माझ्या बाबांचं घड्याळ, मी रोज घालतो तेच, काच तडकलेलं. हत्यार नीट दिसत नाही. पिवळं, चकाकतं.
'खोटा' दाबला. दाबतच राहिलो. यंत्रानं 'खरा' मारला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
घड्याळ तळ्यात फेकलं. निपाणीची बस पकडली होती, शपथेवर सांगतो. डोळे उघडले तेव्हा मल्लेश्वरममध्ये, अक्कांच्या दारात उभा होतो.
घरातल्या सुऱ्या, विळी, कोयता शेजारी दिला. अक्कांना म्हटलं, मला बाहेरून कुलूप लावा, काही झालं तरी उघडू नका. भिऊन लावलं बिचारीनं. त्यांच्यावर जीव आहे माझा.

शनिवार, २२ नोव्हेंबर
घड्याळ मनगटावर आहे. ओलं. पावणेचार.
उजवी मूठ वळलीय, सोडवत नाही. डाव्या हातानं लिहितोय—
अक्का खालून विचारतायत, पोरगं कालपासून उपाशी कसं राहील. ओरडून सांगितलं, वर येऊ नका. स्वल्प कॉफी तरी घे, म्हणतायत—
जिन्यावर पावलं—
कुलूप काढतायत. अक्का नको—
फिल्टर दोन्ही हातांत, पितळी, पिवळा—
माझा हात पुढं