वजिफ्याचा तखमिना

आई, तू सरकारी नोकरी मुदतीआधी सोडलीस, तेव्हा तुला वेड्यात काढणारं आता कुणी उरलेलं नाही. बाजू घ्यायला मी तेवढी उरले आहे, म्हणून लिहायला बसले. निजामाचं राज्य होतं आणि परभणीच्या मुलींच्या सरकारी शाळेत तू शिकवायचीस. बाबा गेले तेव्हा मी रांगत होते. त्यानंतर तू उर्दू शिकलीस, परीक्षा दिलीस, नोकरी मिळवलीस. दर महिन्याची तनखा पदराला बांधून तू घरी यायचीस तेव्हा गल्लीतले पुरुषसुद्धा ओट्यावर सावरून बसायचे. अशी नोकरी कुणी सोडतं का? पण त्या उन्हाळ्यात आपण पेडगावला मामाकडे गेलो होतो आणि तू ओसरीवर पोथी वाचत होतीस. मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगराची पोर वाटेतच थांबली, तुझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, बाईमाणसाला वाचता येतं व्हय?" तू हसली नाहीस. पोथी मिटलीस. परतताना आगगाडीत, परभणीचं स्टेशन आल्यावर, मला म्हणालीस, "हितल्या पोरींना दुसरी बाई मिळंल. तितल्या पोरींना कोण मिळायलंय?"

ठरवलंस खरं, पण आपल्याला खायला काय, हा प्रश्न होताच. नोकरी पुरी करणाऱ्याला जन्मभर निम्मा पगार मिळे, त्याला आपल्याकडे वजिफा म्हणत. मधेच सोडली तर किती मिळेल, मिळेल तरी का, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तू मला बरोबर घेऊन तालुक्याच्या दफ्तरात गेलीस. मला ते दफ्तर अजून दिसतं. पिवळ्या भिंती, वाळ्याचा पडदा, आणि उंच बैठकीवर पांढऱ्या दाढीचे मुन्शीजी. ते तुझी सगळी हकीकत ऐकून घेतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि म्हणतात, "जल्दी कायकू करते बाई? थोडे साल और निकालो, आधी तनखा घर बैठे खाओ." तू म्हणतेस, "आता सोडली तर?" ते मान हलवतात. चौथा हिस्सा, फार तर. तेही मंजूर झालं तर. "ये तखमिना है बाई, अंदाजा. मंजुरी नहीं." मग आवाज खाली आणून ते तुझ्या भल्याचं सांगतात. नजर कमी झाली म्हणून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा दाखला आणलास, तर आजारपणाचा वजिफा बसेल, तो चांगला भरतो. डॉक्टर ओळखीचे आहेत. सगळेच असं करतात.

तू उठून उभी राहिलीस. मला वाटलं, रागावलीस. पण तू भिंतीवरच्या सरकारी हुकमाकडे वळलीस आणि त्याची शेवटची, मुंगीएवढी ओळ उर्दूत घडाघडा वाचून दाखवलीस. "मुन्शीजी, माझे डोळे चांगले हायत. ह्याच डोळ्यांनी उद्या पोरींना शिकवायचंय. ते अधू हायत म्हणून पैसे कसे घेऊ?" म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावून सलाम केला आणि म्हणाला, "दरखास्त लाओ बाई. मैं खुद शिफारस लिखता."

पण अर्ज तू लगेच दिला नाहीस. आधी आपण त्या अंदाजावर जगून पाहिलं. तनखा घरी आली की चौथा हिस्सा तू चुलीशेजारच्या डब्यात टाकायचीस आणि बाकीच्याला हात लावायची नाहीस. लढाईचे दिवस, सगळं महाग. साखर बंद झाली, गूळ बेताचा. तेल कालवणात दिसेना, मग माझ्या केसांना कुठलं? गव्हाची पोळी सणालाच. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिखट आणि ताक. मी कुरकुरले की म्हणायचीस, "आपण वजिफ्यावर हाव असं समज. जमायलंय का बघू." एकदा महिना सरायच्या आत डबा रिकामा झाला. तू बाजूला ठेवलेल्या पैशांकडे गेली नाहीस. शेजारणीच्या वाती वळून दिल्यास, तिच्याकडून डाळ आणलीस. पुढच्या महिन्यात मात्र डब्यात चार पैसे उरले. तू हसत डबा हलवून मला त्यांचा खुळखुळाट ऐकवलास आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिलास. ते हसू मी नंतर तुझ्या तोंडावर फार वेळा पाहिलं नाही.

मामा धावत आला. "ताई, लोक सरकारी नोकरीसाठी नवस बोलायलेत आन् तू हातची सोडायलीस! लेकीचं लगीन कशावर करशील?" तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "तुझी भाची नुसत्या भाकरीवर राहायला शिकलीय. हुंडा मागणाऱ्याच्या घरी तिला द्यायचीच न्हाई." मामा जेवून, पाणी पिऊन, मान हलवत गेला. पण आपण पेडगावला राहायला आलो तेव्हा पोरींना बसायला बैलांचा कोठा त्यानंच सारवून ठेवला होता.

वजिफा बऱ्याच उशिरानं मंजूर झाला आणि मुन्शीजींच्या अंदाजापेक्षा कमीच झाला. तोवर बाजूला टाकलेल्या पैशांतून पाट्या आल्या होत्या आणि कोठ्यात पोरी बसू लागल्या होत्या. पहिली ती धनगराचीच. पाटलाच्या पोरी तिच्या शेजारी बसेनात, तर तू स्वतः तिच्या शेजारी मांडी घालून बसलीस आणि तिथूनच शिकवायला लागलीस. जिला अक्षर बघायचं तिला जवळ सरकावंच लागलं. पावसाळा संपेपर्यंत सगळ्या एका घोंगडीवर आल्या.

मग एके दिवशी घोड्यावरून सरकारी अंमलदार आला. परवानगीशिवाय खासगी शाळा चालत नसे, आणि कुणीतरी कळवलं होतं. त्यानं दारातूनच विचारलं, "बाई, सरकारचा वजिफा खाता आणि सरकारला न विचारता मदरसा चालवता? वजिफा बंद होईल, कळतं का?" गाव गोळा झालं होतं. मामाचा चेहरा उतरला होता. तू पदर नीट केलास, त्याला प्यायला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "साहेब, वजिफा मागच्या कामाचा हाय. ते काम मी इमानानं केलंय. ह्या माझ्या भाच्या माझ्या घरी येऊन बसतात, त्याला शाळा म्हणायचं तर म्हणा. बंद करायचा तर करा. कमीवर जगायची आमाला सवय हाय." अंमलदार पाणी प्यायला, त्यानं पोरींकडे बघितलं. एकीनं भीतभीत आपली पाटी वर धरली. "भाच्या लय हायत बाई तुमाला," एवढंच बोलून तो घोड्यावर बसला.

काही महिने वजिफा आला नाही. अडवला की लांबला, ते कळलं नाही. गावानं ज्वारी आणून टाकली, आणि तू एक दिवसही पोरींना सुट्टी दिली नाहीस. मग तो आपसूक सुरू झाला. निजामी गेली, सरकारनं गावात शाळा उघडली, तेव्हा नवे गुरुजी पोरींची नावं पहिलीत घालायला बसले आणि प्रत्येकीकडून वाचून घेतल्यावर उठून तुझ्या पाया पडले. तू म्हणालीस, "आता ह्या तुमच्या," आणि घरी येऊन दुपारभर झोपलीस. इतक्या वर्षांत तुला दिवसा झोपलेली मी प्रथमच पाहत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते माहीत आहे मला. आणि खरं सांगायचं तर ते तुझ्यासाठी लिहिलेलंही नाही, तुला यातलं सगळं ठाऊक आहे. मला तुझी बढाई मारायला फार आवडतं, आणि तू असतीस तर पहिल्या ओळीलाच मला गप्प बसवलं असतंस.