अंगणातली शेगडी की बाल्कनीतली

४ एप्रिल, शुक्रवार

टण्ण — टण्ण — टण् टण्! झाकणावर चिमटा आपटायची ती, माझी बायको. म्हणजे तयार झालं, या आता! मुलगा कुंपणावरून उडी टाकून हजर. शेजारचे आपापली ताटं घेऊनच यायचे. माझ्या चष्म्याच्या दुकानातले दोघे कारागीर आधी लाजायचे आणि मग सगळ्यांत जास्त खायचे.

आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन जागा झालो. चहासुद्धा न घेता अंगणात गेलो, ताडपत्री काढली, कणसं-मासे भाजायच्या गॅसच्या शेगडीचं झाकण उचललं — आणि तळच खाली आला! गंजाचे पापुद्रे पायांवर. बर्नर लोंबकळत राहिला. ती गेल्यापासून दोन वर्षं मी शेगडी पेटवली नव्हती. नुसती झाकून ठेवली होती. झाकलं म्हणजे जपलं, असं वाटलं मला.

मुलाला फोन केला. म्हणाला, "बाबा, घ्यायचीच असेल तर लहान घ्या. उचलून नेता येते ती. इथल्या बाल्कनीत मावेल." इथल्या! म्हणजे त्याच्या फ्लॅटच्या. हे घर विकून तिकडे राहायला या, हे त्याचं पालुपद वर्षभर चालू आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. त्यांच्या सोसायटीत मोठी शेगडी चालत नाही म्हणे, धूर होतो.

आता बघा कसं झालं. मोठी घेतली तर मी इथे राहणार. लहान घेतली तर चाललो. आणि प्रश्न म्हणे शेगडीचा!

५ एप्रिल

मोठी. ठरलं.

६ एप्रिल, रविवार

लहान. या वयात चार बर्नर कुणासाठी?

८ एप्रिल, मंगळवार

शेगड्यांच्या दुकानात गेलो होतो. तिथली मुलगी चुणचुणीत. "आजोबा, हे बघा, फुल साइज ग्रिल. बाजूला फळी, खाली कपाट, सिलिंडर आत बसतो. आणि हे पोर्टेबल. पाय मिटतात, हँडल आहे, एवढासा गॅसचा डबा लागतो." ती ग्रिल म्हणत राहिली, मी शेगडी म्हणत राहिलो.

मोठीच्या झाकणावरून हात फिरवला. जाडजूड, काळं, चकचकीत. स्वतःचं तोंड दिसलं त्यात — बटाट्यासारखं. मी पिशवीतून पाव काढले. मुलगी बघतच राहिली.

"हे काय आजोबा?"

"जाळीवर सगळीकडे पाव मांडायचे आणि पेटवायची. कुठे काळा होतो, कुठे पांढरा राहतो, ते बघायचं. म्हणजे शेगडीचा स्वभाव कळतो."

"कुणी सांगितलं हे?"

"आमच्या घरात एक शहाणं माणूस होतं."

दुकानात गॅस पेटवायची परवानगी नाही. मग तिनेच एक पाव मागितला आणि उभ्या उभ्या खाल्ला. सकाळपासून उपाशी होती म्हणे!

आयुष्यभर मी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं फिरवली. हे बरं दिसतं, की मघाचं? पहिलं, की दुसरं? काही गिऱ्हाइकं म्हणायची, "दोन्ही सारखंच." असा राग यायचा! सारखं कसं असेल? नीट बघा की! आज त्या मुलीने तेच विचारलं. "मग आजोबा, हे की ते?" माझ्या तोंडून निघालं — "दोन्ही चांगल्या आहेत." हात हलवत घरी.

९ एप्रिल

शेजारचे ड्रायव्हरसाहेब आले. बसवर तीस वर्षं काढली, अजून बोलतात ते इंजिन चालू असल्यासारखं. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. चार पावलं कुंपणाकडे, चार पावलं परत.

"काय चष्मेवाले, सकाळपासून शटल सर्व्हिस?"

सगळं सांगितलं. शेगडी, बाल्कनी, मुलगा.

"मोठी शेगडी म्हणजे हत्ती पाळणं. माहूत कोण, तुम्ही? सिलिंडर उचलताना कंबर धरली की मलाच हाक माराल." मग म्हणाले, "आणि लहान घेऊन तिकडे गेलात, तर मी भांडू कुणाशी?"

नदीवर मासे धरायला जाताना ते लहान शेगडी नेतात. ती ठेवून गेले. वापरून बघा म्हणे.

१० एप्रिल

लहानीवर एक कांदा, एक मक्याचं कणीस, माशाचे दोन तुकडे. लगेच पेटली. लगेच तापली. मासा छान झाला — त्याचाच राग आला. पाच मिनिटांत खाऊन संपलं. वाऱ्याने दोनदा विझली, मी सदऱ्याचा आडोसा केला.

मग काय? मग मी पायरीवर बसून राहिलो. जाळी धुवायलाही काही नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

आमचे गुरुजी कविता शिकवायचे ते बाक वाजवून. अर्थ नंतर, आधी चाल. अजून रस्त्याने चालताना माझी पावलं वृत्तात पडतात. आज अंगण झाडताना अचानक एक ओळ आली, थेट भुजंगप्रयातात —

जिथे आग मोठी तिथे लोक येती

वा! दुसरी ओळ मात्र काही केल्या येईना. कुंपणापाशी उभं राहून पहिलीच मोठ्याने म्हणून बघितली. पलीकडून ड्रायव्हरसाहेब —

"नि भांडी कुणी सांग घासून देती?"

या माणसाने शाळेत आठवीनंतर पाऊल टाकलं नाही म्हणतो! मात्रेची चूक नाही. दोघं हसलो. मग त्यांना खोकला आला आणि मला उगीचच रडू.

१३ एप्रिल, रविवार

मुलाचा फोन. "बाबा, बाल्कनी मोजली. लहान अगदी आरामात बसते. घर बघायला एक एजंट पाठवतोय येत्या शनिवारी पाच वाजता. नुसता बघून जाईल, घाबरू नका."

"घाबरतोय कोण? सूनबाईला दे जरा फोन."

"झोपलीय ती."

संध्याकाळचे सात! मी म्हटलं, बरं नाही का? म्हणाला, दमते हो ऑफिसात. मागच्या वेळी दुकानात गेली होती, त्याआधी आंघोळीला. या पोरीने पूर्वी कधी फोन खाली ठेवू दिला नाही. "बाबा, तुमची ती कविता म्हणा ना," असं म्हणून मला बोलतं करायची. आता माझा कंटाळा आला असेल. जाऊन राहायचं ते अशा घरात का? की जाऊन राहिलो की निवळेल सगळं?

चैन पडत नाही. कपाट आवरायला काढलं आणि तसंच उघडं टाकलं.

१४ एप्रिल

उघड्या कपाटात जुनं कार्ड सापडलं. माझ्या चष्म्याच्या दुकानातलं, जवळचं वाचायला द्यायचं ते. छापील कार्डांवर कुठल्यातरी औषधाची माहिती असायची. मी हौसेने शाळेतली कविता छापून घेतली होती — वर मोठ्या अक्षरांत, खाली बारीक बारीक होत गेलेली. आणि फजिती! जो येईल तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचा. एक आजी तर डोळे मिटून 'वाचत' होत्या. सगळ्यांना पाठ! दोघातिघांना चुकीच्या नंबरचे चष्मे गेले आणि ते जिन्यावर धडपडायला लागले, तेव्हा कार्ड बदललं. ती महिनाभर हसत होती. "कवीकडे चष्मा लावायला जाऊ नये," म्हणायची.

कार्ड हातात घेऊन खिडकीत बसलो. समोर अंगण. मला त्यात ताटं दिसतात, मुलगा दिसतो, धुरात डोळे बारीक करून उभी असलेली ती दिसते. डोळ्यांनी दिसतं का हे? पाठ आहे मला! म्हणून घडाघडा वाचतोय. खरं बघितलं तर एक ताडपत्री, गंज, आणि कुंपणाला टेकवलेला झाडू. दोन वर्षं चुकीच्या नंबरने चालतोय.

मोठी शेगडी घेतली तरी कोण येणार आहे?

१६ एप्रिल, बुधवार

लहान घेतली. दुकानातल्या त्या मुलीनेच बांधून दिली. "छान निवडलंत आजोबा. कुठेही नेता येईल."

मुलाला कळवलं. खूश झाला. इतका, की मलाच थोडं अपराधी वाटलं — एवढं सोपं होतं तर वर्षभर का ताणलं? म्हणाला, "बाबा, घरात तुम्ही असलात की बरं पडेल." कुणाला बरं पडेल, ते बोलला नाही.

ड्रायव्हरसाहेबांना कुंपणावरूनच सांगितलं. "उत्तम," म्हणाले, आणि आत गेले. एका शब्दावर थांबलेले ते मला पहिल्यांदाच दिसले.

१७ एप्रिल

खोकं हॉलमध्ये तसंच. येता-जाता पाय लागतो. उघडलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

जुनी शेगडी भंगारवाल्याने नेली. दोघांनी उचलली. जमिनीवर चार पायांचे चार ठसे राहिले आणि मधे गवत पिवळं. दिवसभर खोल्यांमधून हिंडलो. एजंटला काय दाखवायचं, म्हणून प्रत्येक दार उघडून ठेवलं. कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी दोन वर्षांनी उघडली, अडकली होती. मी तिला म्हटलं — बाई, आता तूही हट्ट करू नकोस.

१९ एप्रिल, शनिवार

पाचाला दहा कमी असताना बेल वाजली. एजंट लवकर आला वाटतं, असं म्हणत चष्मा पुसत दार उघडलं.

सूनबाई! एकटी. केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात बॅग.

"बाबा, तुम्ही तिकडे निघालात म्हणून कळलं. तुमच्या भरवशावर ते घर चालवायचं, असं ठरवलंय त्याने. म्हटलं, तुम्ही पोचायच्या आत मीच येऊन सांगावं. आमचं संपलंय. मी आता तिथे राहत नाही."

माहेरी का नाही गेलीस, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिनेच विचारलं —

"थोडे दिवस इथे राहिले तर चालेल?"

बाजूला झालो. तिच्या हातातली बॅग घेतली आणि उचलली. थोड्या दिवसांची नव्हती.