न संपलेल्या दोन आवृत्त्यांची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय कवितासंग्रहांचे प्रकाशन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून, स्वहस्ते व चष्मा पुसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मी सव्वीस वर्षे केवळ कविता छापल्या, ही बाब याविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. प्रकृतीही उत्तम आहे. परंतु परवा माळ्यावरून पुस्तकांचा एक गठ्ठा माझ्या मस्तकापासून वीतभर अंतरावर कोसळला आणि कवितेखाली देह ठेवण्याचा मान थोडक्यात हुकला. तेव्हापासून निरवानिरवीचा विचार मनात घोळत आहे.

कलम पहिले. माझ्या दोन खोल्या, पुढची कार्यालय व मागची गोदाम, मी भाच्यास देतो. गेल्या महिन्यात तो माझ्या प्रकृतीची चौकशी करावयास आला तो खिशात मोजपट्टी घेऊनच. "मामा, या भिंतीला फ्रीज बसेल, नाही?" प्रस्तुत भिंतीस त्या वेळी मी टेकलेलो होतो. असो. गोदामातील शेवटच्या प्रतीस घर मिळेपर्यंत त्यास किल्ली मिळणार नाही. हे काम त्यानेच करावयाचे आहे.

त्याची आई, म्हणजे माझी आक्का, हिचा उपाय वेगळा. "अरे, रद्दीवाल्याला बोलाव, दोन तासांत मोकळा होशील."

"आक्का, ही पुस्तकं आहेत."

"मग? रद्दीवाला काय भाजी नेतो?"

प्रती रद्दीत जाऊ नयेत, म्हणूनच पुढील, दुसरे कलम. आक्कास माझी आरामखुर्ची द्यावी. ती मूळची तिचीच आहे.

कलम दुसरे, जे मी जिवंतपणी कोणास सांगितलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी मी एका परिचारिकेचा पहिला संग्रह काढला. प्रती पाचशे. दोन वर्षांनी तिने दारात उभ्या उभ्या विचारले, "किती राहिल्या हो?" तिच्या मुद्रेकडे पाहून मी म्हणालो, "संपली आवृत्ती." त्या क्षणी दारामागे चारशे प्रती श्वास रोखून उभ्या होत्या.

पुढल्या वर्षी मला विषमज्वर झाला. अकरा दिवस ती रोज येऊन मला इंजेक्शन देई, आणि ज्या आसनावर बसून देई ते तिच्याच संग्रहाच्या चार गठ्ठ्यांचे होते. वर उशी, उशीवर चादर. ज्वराहून त्या चादरीने मला अधिक घाम फोडला. मी हिंडूफिरू लागल्यावर पंधरा दिवसांत ती म्हणाली, "संपलीच आहे ना, मग दुसरी काढू या की." सत्यकथनाची याहून उत्तम संधी मनुष्यास लाभत नाही. मी दुसरी आवृत्ती काढली.

सांप्रत दोन्ही मिळून सहाशे अठ्ठ्याऐंशी प्रती शिल्लक आहेत. त्या सुस्थळी पडाव्यात. एका घरी एकच प्रत द्यावी. एक वाचली जाते, दोन उशाला जातात, आणि गठ्ठाभर असल्या की त्यांचे काय होते हे वर आलेच आहे. वाचनालयांस देऊ नये. तिथे शिक्का बसतो आणि मग वाचक सोडून सर्व काही बसते. समीक्षकांस तर नकोच. एकाने अभिप्रायार्थ नेलेली प्रत मला रद्दीच्या दुकानात भेटली. तिची पाने अद्याप एकमेकांस चिकटलेली होती. अभिप्राय मात्र यथाकाल प्रसिद्ध झाला होता, आणि तो प्रतिकूल होता.

चौदा मजली इमारतीतल्या लिफ्टमनला अवश्य द्यावी. चढता एक कविता, उतरता एक. घड्याळजीस द्यावी, कारण बारीक टाइपाचे त्यास भय नाही. परंतु पहिली प्रत कोपऱ्यावरील इस्त्रीवाल्या बाईंची. याच संग्रहाची तपासावयाची मुद्रिते माझ्या सदऱ्याच्या खिशात राहून धुतली गेली, तेव्हा बाईंनी ती वाळवून, इस्त्री करून परत दिली व म्हणाल्या, "शेवटची ओळ पुसली गेलीय. पुढं काय होतं हो?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला अन्य कोणी विचारलेला नाही.

परिचारिकेच्या रुग्णालयाच्या आसपास मात्र एकही प्रत फिरकू नये. सहा वर्षे ती ताठ मानेने "माझी दुसरी आवृत्ती" असे म्हणत आली आहे. ती मान खाली जाऊ नये, एवढीच माझी अंतिम इच्छा. फ्रीज गौण.

कलम तिसरे. गठ्ठा पन्नासांचा असतो. उपरोक्त आसनातील एका गठ्ठ्यात एकोणपन्नास प्रती निघाल्या. बाईंडरने एक लांबवली, असा माझा सहा वर्षांचा आरोप आहे, "आईशप्पथ, मी नाही!" असा त्याचा तितक्याच वर्षांचा बचाव आहे. कविता चोरणारा मनुष्य वस्तुतः वंदनीय. सबब मी त्यास क्षमा करतो व कागद कापण्याचे यंत्र देतो.

साक्षीस बाईंडर आहेच. दुसरा साक्षीदार त्याने आणावा. कवितेशी संबंध नसलेला कोणीही चालेल. साक्षीदारांनी केवळ माझी सही पाहावयाची असते, मजकूर वाचावयाचा नसतो. यास्तव कागद घडी घालून सहीपुरताच उघडा ठेवीत आहे.

स्थळ: मागची खोली, गठ्ठ्यांच्या सान्निध्यात.
दिनांक: सात, रविवार, सकाळी अकरा.
(सही) प्रकाशक

साक्षीदार पहिला, बाईंडर: सही पाहिली. प्रत मी घेतली नव्हती. ती कोणी नेली ते या ताईंनी रस्त्यात कबूल केलं, म्हणून त्यांनाच आणलं. (सही)

साक्षीदार दुसरी, परिचारिका: तुम्ही चहा टाकायला आत गेलात, तेवढ्यात घडी उलगडली. सवयच आहे. त्या अकरा दिवसांत तुम्ही तापात होतात, तेव्हा मी चादरही अशीच उचलली होती. वरची प्रत मीच नेली. दुसरी आवृत्ती मागितली ती तुम्ही खरं कधी बोलता ते पाहायला. तुम्ही छापूनच मोकळे झालात, मग मलाही तोंड उघडवेना. आता घरं मी शोधते. इस्त्रीवाल्या बाईंकडे आजच जाते. शेवटची ओळ त्यांना मीच वाचून दाखवीन. तुम्ही एवढंच करा, तिसरी काढू नका. (सही)