उंबरठ्यात गेलेलं बोट

देवळी, बुधवार, दिवेलागणीची वेळ

लिही पोरी. आजीच्या मनातलं आहे, मधात हसू नोको.

आज तुह्या बापानं बसस्टँडामागचं ते विकाऊ घर दाखवलं. मालक म्हणे, "मागं लाकडाले उधई लागलती, पण औषध मारलं, आता काई नाई." उधई काय सून आहे, डोळे वटारले का गप्प बसायले? माही सून बी बसत नाई.

आत जाताना मी रीतीनं उंबरठ्याच्या पाया पडली, तर बोट आतच गेलं. वरून ताजा रंग अन् खाली निव्वळ भुसा. मालकानं हात जोडले, "आजीचा आशीर्वाद भेटला, सौदा पक्का!" सारे खुश. तुह्या मायनं तर देवाची जागा बी ठरवली. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यात राह्यली बिचारी. तिचं तोंड पाहून माह्या तोंडाले कुलूप लागलं. एरवी लागते का कधी?

तवापासून बोट चोळून राह्यली. नुसता उंबरठाच खाल्ला असंल, का वरच्या छताच्या फाट्याबी? उद्या सकाळी तुहा बाप बयाणा द्यायले जाते. सांगू, का नोको सांगू?

काऊन थांबली वं? अशी काऊन पाहते?

हाव, खरं आहे. मनातलं लिहायले तुले बसवलं, पण ते तुह्या कानातून जाते हे ध्यानातच नाई आलं.

जा, सांग बापाले. पहिले सारी लाकडं ठोकून पाह्य म्हणा. अन् मालकाले म्हणा, आजीनं आशीर्वाद नवता देल्ला, तिचं बोट फसलं होतं.